मोटारसायकलचे ब्रेक व मागचा दिवा : घरच्या घरी तपासणी

पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर पोहोचविणे, बाजारातून बियाणे आणणे, रात्रीची वीज आली की पंप सुरू करण्यासाठी मळ्यात जाणे ही कामे आता मोटारसायकलवरच होतात. यातील बराचसा प्रवास अंधारात व ओझे घेऊन होतो. अशा वेळी ब्रेक दाबूनही मागचा दिवा पेटला नाही, तर मागून येणाऱ्या वाहनाला आपण थांबत आहोत हे कळत नाही. म्हणून ब्रेक व दिवे यांची तपासणी एकत्रच करावी.

बॅटरी व फ्यूज

बटण दाबल्यावर नुसता ‘टक् टक्’ आवाज येत असेल किंवा हॉर्न बसका वाजत असेल, तर प्रथम बॅटरीची टोके पाहावीत. ती सैल असल्यास किंवा त्यांवर पांढरट-हिरवट थर साचला असल्यास गाडी बंद करून आधी ऋण व नंतर धन वायर काढावी. टोके पॉलिश पेपरने घासावीत. जोडताना धन वायर आधी जोडावी. पाणी घालण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरावे, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. सीलबंद बॅटरी उघडू नये.

फ्यूज उडाल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. तांब्याची तार लावल्यास वायरिंग जळून गाडी पेट घेऊ शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर हँडलच्या वळणाजवळ, टाकीखाली व सीटखाली उघडी पडलेली वायर शोधावी. धान्याच्या पोत्यांजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, हेही ध्यानात ठेवावे.

मागचा ड्रम ब्रेक

गाडी मेन स्टँडवर लावावी. पायाने पेडल दाबताना ब्रेक लागण्यापूर्वीची मोकळी चाल बहुतेक गाड्यांत सुमारे २० ते ३० मि.मी. असते, आपल्या गाडीचा आकडा माहितीपुस्तिकेत पाहावा. चाल जास्त असल्यास चाकाजवळील रॉडचा नट आवळावा. नंतर चाक हाताने फिरवून ते घासत नाही याची खात्री करावी. साखळी ताणल्यावर चाक मागे सरकते व ब्रेक आवळला जातो, म्हणून त्यानंतर ही चाल पुन्हा तपासावी. ड्रमवरील झीज दर्शविणारा बाण शेवटच्या खुणेपर्यंत आल्यास नट आवळत न बसता ब्रेक शू बदलावेत. ड्रममधील भुकटी फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

ओढ्यातून किंवा चिखलातून गाडी काढल्यावर ब्रेक कमी लागतो. हळू चालवत ब्रेक अलगद दाबत राहिल्यास तो वाळतो.

ब्रेक लाइटचा स्विच

येथेच अनेकांची चूक होते. ब्रेक आवळला, पण स्विच तसाच राहिला, तर दिवा उशिरा पेटतो किंवा सतत पेटून बॅटरी उतरते. पेडलजवळच्या स्प्रिंगने जोडलेल्या स्विचचा नट फिरवून, ब्रेक लागू लागताच दिवा पेटेल असे जुळवावे. स्विच धरून ठेवावा, अन्यथा वायर पिळली जाते. नेहमीच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. एक साध्या दिव्याची व दुसरी ब्रेकची. त्यामुळे मागचा दिवा चालू दिसला तरी ब्रेकची तार तुटलेली असू शकते.

हे काम कारागिराचेच

डिस्क ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा लागणे, तेल गळणे किंवा गाडी चालू असताना एबीएसचा दिवा न विझणे, अशा वेळी गाडी कारागिराकडेच न्यावी. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांत जोड ब्रेक किंवा एबीएस व त्यावरील गाड्यांत एबीएस सक्तीचे करण्यात आले. जोड ब्रेकची जुळवणी पुस्तिकेप्रमाणेच करावी.

आठवड्यातून एकदा संध्याकाळी गाडीचा मागचा भाग चुन्याच्या भिंतीकडे करून दोन्ही ब्रेक एकेक करून दाबावेत. भिंतीवर लाल उजेड वाढला, तरच ओझे लादून रस्त्यावर निघावे.