शाई काढायची तर टनामागे किती?

रद्दीपासून पांढरा लगदा करणाऱ्या छोट्या मिलमध्ये सर्फॅक्टंटची कोटेशनं आली की ती किलोच्या भावाने एकाखाली एक लावली जातात. सगळ्यात खालच्या भावाला गोल होतो आणि तोच ड्रम महिनाभर पल्परवर चालतो. मग टाकीवर फेस चढतो, डीफोमर मागवावा लागतो, कागदाला बारीक भोकं पडतात. या सगळ्याची बिलं वेगवेगळ्या खात्यांत जातात, म्हणून तो ड्रम शेवटपर्यंत स्वस्तच दिसतो. कमी फेसाचं सर्फॅक्टंट घ्यायचं की नाही, हे ठरवायला किलोचा भाव जवळजवळ निरुपयोगी आहे. टनभर कोरड्या लगद्यामागे काय पडतं, ते काढावं लागतं.

आधी आकडेमोड करू. भाव गणितापुरते धरले आहेत, तुमचे आजचे भाव घालून बघा. मिलच्या गेटवर रद्दी २० रुपये किलो, सर्फॅक्टंट १५० रुपये किलो, मात्रा टन रद्दीला २ किलो, उतारा ८० टक्के. टनभर लगद्याला रद्दी लागली १,२५० किलो, म्हणजे २५,००० रुपयांची. सर्फॅक्टंट लागलं अडीच किलो, त्याचे ३७५ रुपये. आता उतारा फक्त एका टक्क्याने उतरून ७९ वर आला, तर रद्दी लागते १,२६६ किलो. जादा खर्च सुमारे ३२० रुपये. म्हणजे उताऱ्याचा एक टक्का गेला, की जवळजवळ सर्फॅक्टंटच्या सगळ्या बिलाएवढी रक्कम गटारात गेली. किलोमागे दहा रुपये कमी करून घ्यायला अर्धा दिवस घासाघीस करणारे अनुभवी खरेदी अधिकारीही हा हिशेब क्वचितच मांडतात.

उतारा किती धरायचा, हे तुम्ही काय बनवता त्यावर आहे. वर्तमानपत्रं आणि मासिकांच्या रद्दीतून पुन्हा छपाईचाच कागद करायचा असेल तर ८० ते ८५ टक्के मिळायला हवेत. टिश्यू करायचा तर कागदातली चिनी माती आणि खडूही धुऊन काढावे लागतात, तिथे ६० ते ७० टक्के उतारा नेहमीचाच. टिश्यूवाल्याने छपाईच्या कागदवाल्याचा आकडा ऐकून विक्रेत्याला धारेवर धरण्यात अर्थ नाही.

धुवायची की तरंगवायची?

शाई काढायची ही विद्या जुनी आहे. जर्मनीत गॉटिंगेनचे न्यायशास्त्राचे प्राध्यापक युस्टुस क्लाप्रोट यांनी 1774 मध्ये छापील कागदाची शाई धुऊन नवा कागद करण्याची रीत पुस्तिकेत मांडली होती. तेव्हा फक्त धुणं होतं. हवेच्या बुडबुड्यांवर शाई तरंगवायची कल्पना नंतर खनिज उद्योगातून आली.

आज दोन्ही रीती चालतात, पण त्यांना लागणारं रसायन एकमेकांच्या उलट स्वभावाचं असतं, आणि खरेदीतली सगळ्यात महागडी गफलत इथेच होते. फ्लोटेशनमध्ये लगदा एक टक्क्याच्या आसपास पातळ करून त्यात हवा सोडतात. शाईच्या कणाला पाणी नकोसं असेल तरच तो बुडबुड्याला चिकटून वर येतो. कण साधारण १० ते १०० मायक्रॉनचे असले तर काम उत्तम होतं. वर आलेली शाई वाहून न्यायला फेस लागतोच. धुलाईत मात्र शाई १० मायक्रॉनपेक्षा बारीक व्हायला हवी, पाण्यात सुटी राहायला हवी आणि जाळीतून पाण्याबरोबर निघून जायला हवी. तिथे फेस नुसता अडचण करतो.

म्हणून कमी फेसाच्या सर्फॅक्टंटची खरी जागा धुलाईत आहे. तेच फ्लोटेशनच्या सेलमध्ये ओतलं तर शाई इतकी बारीक आणि पाणीप्रेमी होते, की बुडबुडे नुसतेच वर येतात. बारीक शाई धाग्यांवर पुन्हा बसते आणि लगदा राखाडी दिसतो. मग ब्राइटनेससाठी पेरॉक्साइड वाढवलं जातं. पेरॉक्साइड लाकडाच्या लगद्याचा पिवळेपणा घालवतं, शाईतल्या काजळीला मात्र ते काही करू शकत नाही. पैसे जातात आणि राखाडीपणा तसाच राहतो. दोन्ही रीतींच्या मधली उत्पादनंही बाजारात आहेत, वाईट नाहीत. पण ‘कुठेही चालतं’ म्हणणाऱ्याला तुमच्या लाइनचा नकाशा दाखवून नेमकं कुठल्या टाकीत घालायचं, ते लिहून मागा.

तुमच्याकडे फ्लोटेशन फॅटी अ‍ॅसिडच्या साबणावर चालत असेल तर पाण्याचा जडपणा मोजून घ्या. साबणाला काम करायला कॅल्शियम लागतं. मऊ पाण्यात कॅल्शियम क्लोराइड विकत घेऊन घालावं लागतं, बोअरच्या जड पाण्यात तो खर्च वाचतो, पण पाइपांत खपली धरते.

फेसाचं बिल कुठे कुठे फुटतं? टाकी उतू गेली की धागा जमिनीवर येतो. पंपात हवा शिरली की प्रवाह मोडतो. मशीनच्या जाळीवर पाणी सावकाश निथळतं, वेग कमी करावा लागतो. शिवाय लगद्याबरोबर पुढे गेलेलं सर्फॅक्टंट एकेडी किंवा रोझिन सायझिंगच्या वाटेत येतं, मग लिहिण्याच्या कागदावर शाई फुटते आणि सायझिंगची मात्रा वाढवावी लागते. फेस मारायला घातलेला डीफोमर जास्त झाला तर त्याचेही डाग पडतात. स्वस्त सर्फॅक्टंटच्या किमतीत हे मिळवून बघा. आमच्या अंदाजाने, ज्या मिलमध्ये दर महिन्याला डीफोमरची ऑर्डर वाढते आहे तिथे सर्फॅक्टंट बदलायची वेळ आलेली असते, मग भाव काहीही असो.

ड्रम उघडल्यावर

कमी फेसाची बरीच सर्फॅक्टंट्स नॉन-आयनिक असतात. फॅटी अल्कोहोलवर इथिलीन ऑक्साइड आणि प्रॉपिलीन ऑक्साइडच्या साखळ्या जोडलेल्या असतात, आणि प्रॉपिलीनचा भाग वाढला की फेस कमी होतो. यांचा क्लाउड पॉइंट विचारायलाच हवा. एक टक्का द्रावण तापवत नेलं, तर ठरावीक तापमानाला ते दुधाळ होतं, आणि त्याच्या वर फेस बसतो. पल्पर ४५ अंशांवर चालतो आणि क्लाउड पॉइंट ७० आहे, तर ‘कमी फेस’ तुमच्या मिलपुरता कागदावरच राहणार. थंडीत स्टीम कमी पडून लगदा ३०-३२ अंशांवर आला की उन्हाळ्यात शांत असलेलं रसायन उसळतं, त्याचंही कारण हेच. साधा थर्मामीटर आणि हॉटप्लेट एवढ्यावर ही तपासणी होते.

दुसरी तपासणी फेसाची. एक लिटरचं मापी नळकांडं घ्या. नळाचं पाणी नको, मशीनचं बॅकवॉटर घ्या, कारण त्यात तुमच्या मिलचे क्षार, स्टार्च आणि आधीची रसायनं असतात. ते पल्परच्या तापमानाला आणून २०० मिलिलिटर नळकांड्यात ओता, त्यात ०.१ टक्का नमुना मिसळा, तोंड बंद करून दहा वेळा उलटसुलट करा. फेस किती मिलिलिटरपर्यंत चढला ते लगेच लिहा आणि पाच मिनिटांनी पुन्हा लिहा. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. धुलाईत सुरुवातीला चढून चटकन बसणारा फेस चालतो. पाच मिनिटांनीही उभा असलेला, बारीक बुडबुड्यांचा, मलईदार फेस घेऊ नये. जुनं आणि नवं सर्फॅक्टंट शेजारी शेजारी तपासा, सुटा आकडा काही सांगत नाही.

तिसरं, ड्रममध्ये पाणी किती. ९० रुपये किलोचा माल ४० टक्के सक्रिय असेल तर सक्रिय किलो २२५ रुपयांना पडला. १६० रुपयांचा ९० टक्के सक्रिय असेल तर तोच किलो १७८ रुपयांना. विक्रेत्याकडून सक्रिय घटकाचं प्रमाण बॅच नंबरसह लेखी घ्या. मिलमधल्या १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन करून वाळवलं तर निदान पाण्याचा अंदाज येतो, अर्थात उरलेल्यात मीठही असू शकतं. काही अ‍ॅनायनिक मालाला मीठ घातलं की तो मधासारखा घट्ट होतो, त्यामुळे दाट म्हणजे दमदार हा समज सोडून द्या.

आणि एक लेखी हमी: नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट नाही. हे स्वस्त पडतं आणि काम करतं, पण सांडपाण्यात मोडून त्यातून नोनिलफेनॉल तयार होतं, जे माशांच्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतं. युरोपीय संघाने लगदा आणि कागद उद्योगासाठी त्याच्यावर 2005 पासून बंदीसारखीच मर्यादा घातली आहे. तुमचा कागद निर्यातदाराच्या हाती जाणार असेल तर ही चौकशी कधी ना कधी तुमच्या दारात येणार.

रद्दी, पाणी, गाळ

रसायन बदलण्याआधी रद्दी बघा. वर्तमानपत्राची शाई जुनी झाली, विशेषतः कडक उन्हाळ्यात गोदामात पडून राहिली, की तिच्यातली तेलं हवेने घट्ट होतात आणि धाग्याला धरून बसतात. कागद उद्योगात हा उन्हाळ्याचा परिणाम सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात ब्राइटनेस उतरला तर आधी गठ्ठ्यांवरच्या तारखा वाचा. ऑफिसची पांढरी रद्दी वेगळंच प्रकरण आहे. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे वितळून कागदाला चिकटलेलं प्लास्टिक, कॉस्टिक सोड्याला ते दाद देत नाही आणि चपट्या तुकड्यांत फुटतं. त्याला दाट लगदा, रगडणारं यंत्र आणि स्क्रीन लागतात. सर्फॅक्टंटवाला एकटा हे सोडवू शकत नाही, आणि सोडवतो म्हणाला तर टोनरच्याच रद्दीवर करून दाखवायला सांगा.

पल्परमध्ये लगदा किती दाट ठेवता, यातही पैसे आहेत. पाच टक्के दाटपणाला टनभर रद्दीबरोबर १९ टन पाणी तापवावं लागतं, पंधरा टक्क्यांना सहा टनांहून कमी. रसायनाची मात्रा रद्दीच्या वजनावर ठरते, त्यामुळे दाट लगद्यात तेवढंच सर्फॅक्टंट तिपटीहून अधिक तीव्रतेने शाईवर पडतं. पण जुन्या पल्परचा रोटर पंधरा टक्के पेलत नाही. तिथे नवा पल्पर हाच खर्च, आणि तो या लेखाच्या आवाक्याबाहेरचा.

धुलाईचं पाणी मात्र आवाक्यातच आहे. एक टक्क्याचा लगदा दहा टक्क्यांवर आणताना टन धाग्यामागे ९० टन काळं पाणी निघतं. ते फेकायची सोय नाही, स्वच्छ करून फिरवावंच लागतं. इथे धुलाईच्या चांगल्या सर्फॅक्टंटची दुसरी बाजू दिसते: जे शाई पाण्यात नीट सुटी ठेवतं, ते क्लॅरिफायरमध्येही तिला सहजासहजी खाली बसू देत नाही. फिटकरी आणि पॉलिमरची मात्रा वाढू शकते. ट्रायलच्या काळात ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) माणसाला रोजचा कोअ‍ॅग्युलंट लिहायला सांगा, नाहीतर हा खर्च कोणाच्याच लक्षात येत नाही. गाळाचंही तसंच. उतारा घटला की गाळ वाढतो, आणि पाणी निथळवून, वाहून, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अटींप्रमाणे त्याची विल्हेवाट लावायला टनामागे पैसे पडतात. रद्दीचे पैसे एकदा दिले, आता तिच्या गाळाचे पुन्हा.

ट्रायल एका शिफ्टची मान्य करू नका. बॅकवॉटर फिरतं आणि सर्फॅक्टंट त्यात साठत जातं. पहिल्या दिवशी सगळं ठीक दिसतं, फेस तिसऱ्या-चौथ्या दिवशी उसळतो, तोवर विक्रेत्याचा इंजिनीअर परत गेलेला असतो. निदान आठवडाभर, एकाच जातीच्या रद्दीवर चालवा आणि रोज तेच आकडे लिहा: उतारा, ब्राइटनेस, डीफोमर, सायझिंग, कोअ‍ॅग्युलंट, मशीनचा वेग. ब्राइटनेसबरोबर उरलेल्या शाईचं मोजमाप, म्हणजे एरिक, मिळालं तर फार बरं, कारण पेरॉक्साइडने वाढलेला ब्राइटनेस शाई किती गेली ते सांगत नाही. ते यंत्र छोट्या मिलकडे नसतं. सहारनपूरच्या केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी ट्रायलच्या आधीच्या आणि नंतरच्या लगद्याचे हँडशीट पाठवून विचारा. तपासणीची फी आधी लेखी मागवा.

कोटेशन मागताना किलोच्या भावाशेजारी टन रद्दीमागची मात्रा, सक्रिय घटकाचं प्रमाण, क्लाउड पॉइंट, जीएसटी धरून की सोडून, आणि ट्रायल फसली तर उरलेला माल परत घेण्याची अट, एवढं एकाच पानावर असू द्या. रिकामे ड्रम कोण नेणार, तेही त्याच पानावर लिहून घ्या. नाहीतर ते पावसाळाभर गोदामामागे पडून राहतात आणि त्यांच्यातून निघालेला फेस ईटीपीत पोचतो.