रेषांचे मोल

पुस्तक हाती आले, की आपली दृष्टी प्रथम चित्रांकडे वळते. त्या चित्रांमागे किती श्रम आणि केवढा आग्रह असतो, हे जॉन टेनिएल या इंग्रज चित्रकाराच्या चरित्रावरून ध्यानात येते.

टेनिएल यांचा जन्म 1820 साली लंडनमध्ये झाला. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांबरोबर तलवारबाजीचा सराव करीत असता त्यांच्या उजव्या डोळ्यास इजा झाली आणि पुढे त्या डोळ्याची दृष्टी गेली. वडिलांना दुःख होऊ नये, म्हणून ही इजा किती गंभीर आहे, हे त्यांनी कधी कळू दिले नाही. एका डोळ्याने पाहून, बहुधा समोर नमुना न ठेवता, ते स्मरणातूनच चित्रे काढीत. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकासाठी त्यांनी सुमारे पन्नास वर्षे व्यंगचित्रे काढली.

ऑक्सफर्ड येथील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन यांनी ‘लुईस कॅरल’ या टोपणनावाने ॲलिस नावाच्या मुलीची अद्भुत कथा लिहिली. हस्तलिखितात त्यांनी स्वतःच चित्रे काढली होती. पण ती कथा छापण्याचे ठरताच त्यांनी टेनिएल यांना विनंती केली. टेनिएल यांनी 42 चित्रे काढली. कथेतील ससा घड्याळ पाहत धावतो. चित्रकाराने त्याच्या काखेत छत्रीही दिली. वेड्या टोपीवाल्याच्या उंच टोपीवर किमतीची चिठ्ठी लावली, तेव्हा टोप्या विकणे हा त्याचा धंदा आहे, हे न सांगताच कळले. ग्रिफॉन हा अर्धा गरुड व अर्धा सिंह असा काल्पनिक प्राणी. त्याचे वर्णन करीत न बसता लेखकाने वाचकाला सरळ चित्राकडेच पाहावयास सांगितले!

त्या काळी चित्र छापणे सोपे नव्हते. कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र उलटे उतरवीत. मग खोदकाम करणारे कारागीर रेषांमधील लाकूड कोरून काढीत. रेषा तेवढ्या उंच राहत. हे नाजूक काम डॅल्झियल बंधूंनी केले. ठोकळ्यांवरून धातूचे साचे करून पाने छापण्यात आली.

1865 साली पुस्तकाच्या 2000 प्रती छापून झाल्या; परंतु चित्रांची छपाई टेनिएल यांना मुळीच पसंत पडली नाही. छपाईचा खर्च कॅरल स्वतः सोसणार होते. तरीही त्यांनी चित्रकाराचा शब्द मानला, भेट दिलेल्या प्रतीही परत मागविल्या आणि दुसऱ्या छापखान्यात सारे पुस्तक पुन्हा छापून घेतले. लेखकाने तोटा पत्करला, पण सदोष छपाई चालवून घेतली नाही.

1893 साली टेनिएल यांना ‘सर’ हा किताब मिळाला. 1914 साली ते निवर्तले. हरवले असे समजले गेलेले ते मूळ ठोकळे 1985 साली एका बँकेच्या तिजोरीत सापडले आणि त्यांवरून नव्याने ठसे घेण्यात आले. त्या रेषा अजूनही रेखीव होत्या.

मुलांनो, चांगले चित्र क्षणभर पाहून पान उलटू नका. शब्दांनी न सांगितलेले असे काय ते सांगते, हे शोधा. चित्रकाराच्या श्रमांची तीच खरी कदर होय.

स्वाध्याय
1. टेनिएल यांनी आपल्या डोळ्याच्या इजेचे गांभीर्य वडिलांना का कळू दिले नाही?
2. पुस्तक पुन्हा छापण्याच्या निर्णयातून कॅरल यांचा कोणता गुण दिसतो?
3. आपल्या आवडत्या पुस्तकातील एका चित्राचे पाच-सहा वाक्यांत वर्णन करा.