दिवसा ड्यूटी, संध्याकाळी मॅच
(फेरो बेटांच्या फुटबॉलचा एक अभ्यास, आपल्या टीमसाठी)

मित्रांनो, गेल्या वर्षी झोनल मॅचला आपले नऊच जण ग्राउंडवर पोचले होते. दोघांचा व्हायवा होता, एकाचं जर्नल सर्टिफाय व्हायचं होतं आणि बाकीचे का आले नाहीत ते आजवर कळलेलं नाही. नऊ जणांनिशी खेळलो आणि सहा गोल खाऊन परत आलो. आता यंदा फुटबॉलची एंट्री भरायची की टीमच बंद करायची, असा प्रश्न जिमखान्यात निघाला आहे. मेसमध्ये यावर चर्चा झाली तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, "इंजिनीअरिंग करून फुटबॉल खेळायला टाइम कुणाला आहे?"

प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच ज्यांना खरोखर टाइम नसतो, तरीही जे खेळतात आणि कधी कधी जिंकतातही, अशा लोकांचा थोडा अभ्यास केला. तो इथे मांडतो आहे.

१) अर्धव्यावसायिक म्हणजे नेमकं काय?

हौशी खेळाडू स्वतःच्या खिशातून वर्गणी भरून खेळतो. व्यावसायिक खेळाडूचं घर खेळावर चालतं. या दोघांच्या मधला तो अर्धव्यावसायिक, म्हणजे सेमी-प्रो. त्याला क्लबकडून काहीतरी मिळतं, पण त्यावर घर चालत नाही. त्यामुळे तो दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी खेळतो. कोल्हापूरच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको, तालमीच्या टीममधून खेळणारी आणि दिवसा कामाला जाणारी माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिली आहेत.

आपल्याकडे याचा आणखी एक प्रकार आहे. एअर इंडिया, ओएनजीसी, रेल्वे अशा संस्थांनी खेळाडूंना नोकरी देऊन आपले संघ उभे केले. तिथे साहेबही तोच आणि टीमही त्याचीच, त्यामुळे प्रॅक्टिसला सुट्टी मिळणं सोपं. खऱ्या सेमी-प्रो खेळाडूचा मालक वेगळा आणि क्लब वेगळा. मालकाला मॅचशी काही देणंघेणं असेलच असं नाही.

यातून पहिला मुद्दा निघतो. अशा फुटबॉलमध्ये पैशापेक्षाही तास कमी पडतात. पैसा कुठूनतरी उभा करता येतो, दिवस मात्र २४ तासांचाच राहतो.

२) फेरो बेटं आणि १२ सप्टेंबर १९९०

नॉर्वे, आइसलंड आणि स्कॉटलंड यांच्या मध्ये अटलांटिक समुद्रात १८ बेटांचा एक पुंजका आहे. त्याला फेरो बेटं म्हणतात. डेन्मार्कच्या राज्यात असलेला हा स्वायत्त प्रदेश. लोकसंख्या साधारण ५४ हजार, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं एखादं गाव धरा. मुख्य धंदा मासळीचा. पाऊस आणि वारा जवळजवळ वर्षभर.

एवढ्याशा जागेत १९४२ पासून स्वतःची फुटबॉल लीग चालू आहे. पहिल्याच वर्षी क्लाक्सविक गावाचा 'केआय' हा क्लब विजेता ठरला. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ. १९८८ मध्ये फेरोला फिफाचं सदस्यत्व मिळालं आणि १९९० मध्ये युएफाचं. मग युरो १९९२ च्या पात्रता फेरीत पहिली खरीखुरी मॅच आली. समोर होता ऑस्ट्रिया, त्याच उन्हाळ्यात इटलीत वर्ल्ड कप खेळून आलेला.

गंमत म्हणजे ही मॅच फेरोला घरी खेळवताच आली नाही. आंतरराष्ट्रीय मॅचला लागेल असं गवताचं एकही ग्राउंड तिथे नव्हतं. म्हणून स्वीडनमधल्या लांड्सक्रोना गावचं मैदान घेतलं. गोलमध्ये उभा होता येन्स मार्टिन क्नुडसन, डोक्यावर लोकरीची गोंड्याची टोपी घालून. हा माणूस एरवी माशांच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. दुसऱ्या हाफमध्ये टोर्किल निल्सनने गोल मारला. तो लाकूड विकणाऱ्या फर्ममध्ये सेल्समन होता आणि बुद्धिबळातही तिथला नामांकित खेळाडू. मॅच १-० ने संपली. ऑस्ट्रियाचे कोच योसेफ हिकर्सबर्गर यांना पद सोडावं लागलं.

बहुतेक जण ही गोष्ट इथेच थांबवतात आणि "जिद्द असली की सगळं होतं" असं म्हणून टाळ्या घेतात. आपण इथे थांबायचं नाही, कारण खरा अभ्यास पुढेच आहे.

३) नंतर काय झालं?

त्या गटात फेरोच्या एकूण आठ मॅचेस झाल्या. एक जिंकली, नॉर्दर्न आयर्लंडशी एक १-१ अशी बरोबरीत सुटली आणि सहा हरले. युगोस्लाव्हियाने सात गोल मारले. सगळं मिळून केलेले गोल ३ आणि खाल्लेले २६. म्हणजे जिद्द तीच, माणसंही तीच, तरी एका रात्रीचा चमत्कार रोज होत नाही.

मग प्रश्न असा, की आज तीच टीम बरी का खेळते? २०१४-१५ मध्ये त्यांनी ग्रीसला दोन्ही मॅचेसमध्ये हरवलं, एकदा १-० आणि एकदा २-१. २०२२ मध्ये टर्कीला २-१. ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्ल्ड कप पात्रता फेरीत माँटेनेग्रोला ४-० आणि तीनच दिवसांनी चेक प्रजासत्ताकाला २-१. त्या फेरीत त्यांचे १२ पॉइंट झाले. लोकसंख्या काही दहापट झालेली नाही. मग बदललं काय?

४) तासांचं गणित

पहिलं बदललं ते ग्राउंड. १९९१ मध्ये तोफ्तिर गावात गवताचं मैदान तयार झालं आणि १९९९ मध्ये राजधानी तोर्शहाव्नला राष्ट्रीय मैदान. पण खरा फरक पडला तो गावोगावच्या कृत्रिम टर्फमुळे. तिथला उन्हाळा छोटा आणि पाऊस सतत. गवताच्या ग्राउंडवर रोज लहान मुलं, मुली, ज्युनिअर आणि सीनिअर असे सगळे खेळले तर महिन्याभरात त्याचा चिखल होईल. टर्फ हा मार सहन करतं. वर दिवे लावले की कारखाना सुटल्यावरही, हिवाळ्यातल्या अंधारातसुद्धा प्रॅक्टिस होते. म्हणजे टर्फ आणि दिवे मिळून खेळाडूला जास्तीचे तास देतात.

दुसरं म्हणजे वेळापत्रक. तिथली लीग युरोपातल्या मोठ्या लीगसारखी हिवाळ्यात चालत नाही. मार्चच्या सुमाराला सुरू होते आणि ऑक्टोबरच्या सुमाराला संपते. दहा टीम, प्रत्येकीशी तीन वेळा, म्हणजे ९ × ३ = २७ मॅचेस. जूनमध्ये तिथे १९ तासांच्या वर दिवस असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम पाच तास. निसर्गाशी भांडण्यापेक्षा त्यांनी सीझनच निसर्गाला धरून ठेवला.

तिसरी गोष्ट सिव्हिलवाल्यांसाठी. या बेटांना जोडणारे समुद्राखालचे बोगदे आहेत. २००२ मध्ये विमानतळाच्या बेटाकडे जाणारा बोगदा झाला, २००६ मध्ये क्लाक्सविकला जोडणारा, सुमारे ६.२ किलोमीटरचा. डिसेंबर २०२० मध्ये ११ किलोमीटरचा एस्तुरॉय बोगदा सुरू झाला. त्याच्या पोटात, समुद्राच्या तळाखाली, चक्क गोल चौक आहे, तसला जगातला पहिलाच. या बोगद्यामुळे तोर्शहाव्न ते रूनाविक हा प्रवास ६४ मिनिटांवरून १६ मिनिटांवर आला. तोर्शहाव्न ते क्लाक्सविक ६८ मिनिटांवरून ३६ वर.

बोगदे काही फुटबॉलसाठी खणले नाहीत. पण आता उदाहरण म्हणून गणित करू. समजा एखादा खेळाडू तोर्शहाव्नला नोकरी करतो आणि रूनाविकच्या क्लबकडून खेळतो. आठवड्याला चार प्रॅक्टिस.

पूर्वी : ६४ × २ × ४ = ५१२ मिनिटं, म्हणजे साडेआठ तास.
आता : १६ × २ × ४ = १२८ मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या जरा वर.
वाचले : ३८४ मिनिटं, म्हणजे जवळजवळ साडेसहा तास.

दीड तासाची एक प्रॅक्टिस धरली तर हे चार प्रॅक्टिसचे तास झाले. खेळाडूची इच्छाशक्ती काडीनेही वाढलेली नाही, तरी आठवड्यात चार प्रॅक्टिसची जागा झाली. मला या सगळ्या अभ्यासात हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

५) माणसं कमी पडली की काय करायचं?

छोट्या गावांत अकरा चांगले खेळाडू मिळणं कठीण. यावर त्यांनी काढलेला तोडगा साधा, पण मनाला जड जाणारा आहे. दोन शेजारच्या क्लबनी एकत्र यायचं. गोता गावचा जीआय आणि लेइर्विकचा एलआयएफ हे दोन जुने क्लब २००८ मध्ये एक होऊन 'विकिंगुर' झाला. पुढे हा क्लब लीगचा विजेताही ठरला. आपल्या गावाचं नाव आणि रंग सोडणं कुणाला आवडेल? पण दोन अर्ध्या टीमपेक्षा एक पूर्ण टीम बरी, हे त्यांनी मान्य केलं.

६) क्लाक्सविकची गोष्ट, २०२३

आता पुन्हा केआय क्लबकडे. क्लाक्सविक हे पाच हजारांच्या आसपास वस्तीचं मासेमारीचं बंदर. टीममध्ये काही परदेशी खेळाडू, काही पूर्णवेळ आणि बरेच जण नोकरी सांभाळून खेळणारे. कोच नॉर्वेचे माग्ने होसेथ. जुलै २०२३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत समोर आला हंगेरीचा चॅम्पियन फेरेन्सवारोस. घरी ०-० झालं. बुडापेस्टला जाऊन केआयने ३-० ने मॅच मारली. पुढच्या फेरीत स्वीडनचा हेकेन, त्याला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. मग नॉर्वेच्या मोल्डेला पहिल्या मॅचमध्ये २-१ ने हरवलं, पण परतीच्या मॅचमध्ये एक्स्ट्रा टाइमनंतर ०-२ ने हरले आणि बाहेर पडले. त्यानंतर शेरीफकडूनही हरले.

तरीही एवढ्या वाटचालीवर त्यांना कॉन्फरन्स लीगच्या गटात जागा मिळाली. युरोपियन स्पर्धेच्या गटात पोचलेला हा पहिलाच फेरो क्लब. नुसत्या प्रवेशाचे क्लबला २९.४ लाख युरो मिळाले. गटात त्यांनी फ्रान्सच्या लिलशी ०-० बरोबरी केली आणि स्लोव्हेनियाच्या ओलिंपियाला ३-० ने हरवलं. शेवटी चौथे आले, म्हणजे गटात तळाला. पण चार पॉइंट घेऊन.

१९९० च्या मॅचमध्ये आणि यात फरक आहे. तेव्हा एक रात्र जिंकली होती. २०२३ मध्ये ते पूर्ण सीझन टिकले. मधल्या तेहतीस वर्षांत ग्राउंड, दिवे, रस्ते, कोचिंग आणि वेळापत्रक यांवर काम झालं होतं, म्हणून ते टिकले.

७) दुसरी बाजू

सगळं गोड आहे असंही नाही. युरोपातल्या मॅचेस मधल्या वारी असतात, म्हणजे नोकरीवर रजा टाकावी लागते. दुखापत झाली तर खेळ आणि काम दोन्ही बंद. एका क्लबला एकदम मोठी रक्कम मिळाली की बाकीचे नऊ मागे पडतात आणि लीग एकतर्फी होण्याची भीती असते. आणि सगळ्यात चांगले खेळाडू डेन्मार्क, नॉर्वेला निघून जातात. तरी ही लीग थांबलेली नाही.

८) मग आपलं काय?

आता आपल्या ग्राउंडवर या. आपल्या प्रॅक्टिसची वेळ नोटीस बोर्डवर साडेचार अशी लिहिलेली आहे आणि प्रॅक्टिकल सुटतात साडेपाचला. मी तीन वर्षं हा बोर्ड वाचतो आहे, पण हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आपण नऊच जण उरलो ते जिद्द कमी म्हणून नव्हे. वेळच अशी ठेवली होती, की नऊच जण येऊ शकतील.

शिवाय हॉस्टेलवाले सकाळी वेगळे खेळतात आणि डे-स्कॉलर संध्याकाळी वेगळे. दोन अर्ध्या टीम. गोता आणि लेइर्विकने जे केलं ते आपल्याला एका कॅम्पसमध्ये जमू नये?

माझा प्रस्ताव असा :

- आठवड्यात तीनच दिवस, पावणेसहा ते सात, हॉस्टेल आणि डे-स्कॉलर एकत्र.
- बास्केटबॉल कोर्टचे दोन दिवे ग्राउंडच्या बाजूला वळवायचे. इलेक्ट्रिकलच्या मुलांनी पाहून सांगितलंय की खांब तोच चालेल, परवानगी तेवढी हवी.
- सबमिशनच्या आठवड्यात प्रॅक्टिस अधिकृतपणे बंद, म्हणजे कुणाला दांडी मारावी लागणार नाही.
- मेसच्या मावशी आठपर्यंत ताटं झाकून ठेवायला तयार आहेत. अट एकच, नावं दुपारीच कळवायची.
- झोनलच्या तारखा आणि व्हायवाच्या तारखा एकाच कागदावर लिहून सरांना आधीच दाखवायच्या.

जिमखाना प्रमुख सरांना आणि रेक्टर सरांना विनंती आहे, की टीम बंद करण्याचा निर्णय घेण्याआधी ही वेळ एक टर्म तरी बदलून बघावी. त्यानंतरही अकरा जण जमले नाहीत, तर एंट्री भरू नका असं मी स्वतः लिहून देईन.

झोनल जिंकू असं मी म्हणत नाही. फेरोही त्या वर्षी आठातल्या सहा मॅचेस हरले होते. पण प्रत्येक मॅचला ते अकरा जण घेऊन उतरले. आपण सुरुवात तिथूनच करू. नाव द्यायचं असेल तर बी-विंगच्या जिन्याजवळ वही लटकवली आहे, पेन मात्र स्वतःचं आणा.

— एक डिफेंडर, तृतीय वर्ष, स्थापत्य