आधी खराटा, मग औषध

सांगोल्याच्या बाजारातून नवा खिलार आणलाय, किंवा दावणीच्या गाईच्या अंगावर लम्पीच्या गाठी उठल्यात? घाबरू नका, बाह्या सरसावा. आज आपण दोन कामं करणार आहोत: गोठा निर्जंतुक करायचा आणि फुटलेल्या गाठीची जखम स्वच्छ करायची. दोन्हींची औषधं वेगळी आहेत. जमिनीचं औषध जमिनीलाच आणि अंगाचं औषध अंगालाच, एवढं पक्कं धरा. बाकी सगळं क्रमाने करत जाऊ. मधली एकही पायरी गाळू नका.

हाताशी काय हवं

गोठ्यासाठी: 10 टक्के सोडियम हायपोक्लोराइट (दुकानात नुसतं ‘हायपो’ म्हटलं तरी मिळतं), धुण्याची पावडर, खराटा, फावडं, घमेलं, ताठ ब्रश, मापाचं भांडं, 15 लिटरचा पाठीवरचा पंप.

जखमेसाठी: 10 टक्के पोव्हिडोन आयोडीन, मीठ, उकळून गार केलेलं पाणी, गॉज, 20 मिलीची सिरिंज, बोथट टोकाची कात्री, डॉक्टरांनी सांगितलेला मलम.

तुमच्यासाठी: गमबूट, रबरी हातमोजे, मास्क, डोळ्यांना चष्मा.

पहिला भाग: औषध निवडा

1. सगळ्यात आधी 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. आजार कोणता ते कळलं की औषध ठरतं. लम्पीसारख्या साथीची खबर देणं कायद्यानेही बंधनकारक आहे. जपा: जनावर एकाएकी मेलं असेल आणि नाकातोंडातून काळपट रक्त येत असेल, तर काळपुळीची शंका धरा. त्याला हात लावू नका, चिरू नका, तिथली जागा धुऊही नका. डॉक्टर येईपर्यंत थांबा.

2. लम्पी असेल तर हायपो घ्या. फवारताना ते 2 टक्क्यांचं करायचं आहे. जपा: हायपो लोखंड खातं. साखळ्या आणि पत्रा नंतर धुवावा लागतो.

3. लाळ्या खुरकूत असेल तर धुण्याचा सोडा घ्या. 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम टाकला की 4 टक्क्यांचं द्रावण होतं. जपा: खाण्याचा सोडा इथे चालत नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यातही कालवू नका, भांडं खराब होतं.

4. बाटलीवरची तारीख आणि टक्केवारी वाचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि हायपोचा जोर उष्णतेने, उजेडाने उतरत जातो. छोटी बाटली आणा, सावलीत ठेवा. जपा: सुटं, लेबल नसलेलं हायपो घेऊ नका. टक्केवारीच कळत नसेल, तर माप कसं करणार?

5. बोअरच्या पाण्यात साबण घासून पाहा. फेस येत नसेल तर पाणी जड आहे. जपा: बेंझाल्कोनियम क्लोराइड असं लेबल असलेली औषधं जड पाण्यात नरम पडतात. हायपोला मात्र जड पाण्याचा फारसा फरक पडत नाही.

दुसरा भाग: गोठा

6. जनावरं बाहेर काढा. आजारी जनावर निरोग्यांपासून लांब, सावलीत बांधा. जपा: त्याची बादली, दावं, टोपलं वेगळं ठेवा. नवं विकत आणलेलं जनावरही किमान 21 दिवस असंच वेगळं ठेवा.

7. पहाटेची किंवा सूर्य कलल्यावरची वेळ धरा. जपा: भर दुपारी फरशी पाच मिनिटांत वाळते आणि औषधाला काम करायला वेळच मिळत नाही.

8. गमबूट, हातमोजे, मास्क, चष्मा चढवा. जपा: हायपोचा शिंतोडा डोळ्यात गेला तर चोळू नका. साध्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा.

9. शेण आणि उरलेला चारा घमेल्याने उचला. जपा: आजारी जनावराचं शेण उघड्या उकिरड्यावर टाकू नका. वेगळ्या खड्ड्यात टाकून मातीने झाका.

10. वाळलेलं शेण खरवडा. खुंट्याचा बुडखा, गव्हाणीचे कोपरे, गटाराची कड विसरू नका. जपा: शेणावर मारलेलं औषध शेणातच जिरतं. खालचे जंतू शाबूत राहतात.

11. धुण्याची पावडर पाण्यात कालवून ताठ ब्रशने घासा. आधी भिंती, मग गव्हाण, शेवटी जमीन. जपा: खालून वर गेलात तर धुतलेली जमीन पुन्हा घाण होते.

12. साध्या पाण्याने सगळा फेस आणि मूत धुऊन काढा. जपा: मुतातल्या अमोनियाशी हायपो मिसळलं की घसा जाळणारा वायू सुटतो. संडास साफ करायचं ॲसिड तर हायपोजवळ आणूच नका.

13. पाणी निथळू द्या. जपा: डबकं राहिलं तर औषध त्यात पातळ होतं. खराट्याने पाणी गटाराकडे लोटा.

14. पंप निवडा. जपा: उसात तणनाशक मारायचा पंप गोठ्यात आणू नका. गोठ्याचा पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगाने खूण करा.

15. पंपात 12 लिटर पाणी मोजून घाला. जपा: अंदाजाने ओतू नका, माप वापरा.

16. त्यात 3 लिटर हायपो ओता. बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल, तर 9 लिटर पाण्यात 6 लिटर हायपो. जपा: आधी पाणी, मग औषध. त्यात साबण, फिनेल, फॉर्मेलिन काहीही मिसळू नका. कालवलेलं औषध त्याच दिवशी संपवा.

17. आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे येत फवारा. 10 बाय 10 फुटांच्या जमिनीला साधारण 3 लिटर द्रावण लागतं. जपा: नुसतं शिंपडून भागत नाही, जमीन चांगली भिजली पाहिजे.

18. 20 मिनिटं जागा ओली ठेवा. मध्येच सुकायला लागली तर पुन्हा हात फिरवा. जपा: घाई इथेच होते. घड्याळ लावा.

19. गव्हाण, पाण्याचा हौद आणि साखळ्या साध्या पाण्याने धुवा. जपा: गव्हाणीत औषध राहिलं तर जनावर ते चाटतं.

20. गोठा पूर्ण वाळू द्या. जपा: वास जाईपर्यंत जनावर आत घेऊ नका.

21. पंपात साधं पाणी भरून ते फवारून टाका. जपा: हायपो आत राहिलं तर नोझल आणि वायसर खराब होतात.

22. गोचीड, माश्या, डास यांचा बंदोबस्त दुसऱ्या दिवशी वेगळा करा. लम्पी त्यांच्यामार्फत पसरतो. जपा: जंतुनाशकाने गोचीड मरत नाही. गोचिडाचं औषध डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

तिसरा भाग: जखम

23. कपडे बदला आणि हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. जपा: गोठ्यातले हातमोजे जखमेला लावू नका, नवी जोडी घ्या.

24. जनावर नीट बांधा, डोकं धरायला एक माणूस घ्या. जपा: एकट्याने करू नका. गरीब गायही दुखलं की लाथ मारते.

25. जखम नीट पाहा. हाड दिसतंय, सांध्याजवळ खोल गेलीय, सडाला चीर पडलीय किंवा अळ्या पडल्यात, तर इथेच थांबा आणि डॉक्टरांना बोलवा. जपा: कुत्रा चावला असेल तर हातमोजे घालून जखम साबणपाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

26. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ विरघळवा. जपा: मीठ जास्त झालं तर जखम झोंबते आणि जनावर उभं राहत नाही.

27. ओला गॉज जखमेवर ठेवून कडेचे केस कापा. जपा: गॉज नसेल तर केस जखमेत पडतात आणि तिथे पू धरतो.

28. गॉज काढा आणि सिरिंजने मिठाचं पाणी जोराने मारून जखम धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवत राहा. जपा: पू आणि माती राहिली तर आयोडीन त्यातच संपून जातं.

29. दुसऱ्या लिटरभर पाण्यात 10 मिली पोव्हिडोन आयोडीन घाला. बाटली 5 टक्क्यांची असेल तर 20 मिली. रंग फिक्या चहासारखा दिसला की बरोबर. जपा: ‘जास्त घातलं की लवकर बरं’ हे खरं नाही. तीव्र औषध नवं मांस जाळतं.

30. या पाण्याने जखम भिजवा आणि दोन मिनिटं थांबा. जपा: फिनेल, रॉकेल, जळकं ऑइल जखमेवर कधीच घालू नका. स्पिरिट फक्त न फाटलेल्या कातडीला, इंजेक्शनच्या आधी. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज वापरलं तर जखम भरायची थांबते.

31. स्वच्छ गॉजने टिपून घ्या. जपा: पुसू नका, घासू नका. नवी कातडी निघून येते.

32. मलम लावा आणि माश्या बसू नयेत म्हणून सांगितलेलं औषध कडेने फिरवा. जपा: सडाजवळ मलम लावला असेल, तर धार काढण्याआधी सड धुवा आणि ते दूध वापरायचं की नाही ते डॉक्टरांना विचारा.

33. वापरलेला गॉज आणि हातमोजे जाळा. इंजेक्शन दिलं असेल तर त्याची सुई झाकणाच्या जाड डब्यात टाकून दवाखान्यात द्या. जपा: एका जनावराची सुई दुसऱ्याला लावू नका. ज्याला तुम्ही वाचवताय, त्याच्याच रक्तातून आजार शेजारच्या जनावराला जातो.

34. रोज एकदा जखम याच क्रमाने धुवा. जपा: तिसऱ्या दिवशीही सूज, घाण वास किंवा ताप असेल तर घरचं औषध थांबवा आणि 1962 लावा.

घरात मांजर असेल तर आणखी एक: फिनेलने पुसलेल्या फरशीवरून ती चालते आणि मग पाय चाटते. फिनेल मांजराला विषारी आहे. तिथे पातळ केलेलं हायपो वापरा आणि फरशी धुऊन वाळवल्यावरच तिला आत सोडा.

शेवटी गोठ्याच्या भिंतीवर खडूने तीन गोष्टी लिहा: कोणतं औषध, किती माप, कोणती तारीख. उद्या तुम्ही गावाला गेलात तरी घरातलं दुसरं कुणीही हे काम तसंच करू शकेल. आजारी जनावर बरं होऊन दावणीला परतेपर्यंत गोठा असाच धूत राहा. खराटा, माप आणि घड्याळ हाताशी असलं की हे काम तुम्हाला नक्की जमतं.