कुत्रा पंजे कां चाटतो?

आमच्या बोर्डिंगांत मोत्या नांवाचा एक कुत्रा आहे. गेल्या वर्षीं पावसाळा सरल्यावर तो आपला पुढचा उजवा पंजा सारखा चाटूं लागला. त्यास वाईट खोड लागली असें ठरवून आम्हीं प्रथम त्याला दटाविलें, मग पंज्यावर चिंधी बांधली. चार दिवसांनीं तो लंगडूं लागला. पशुवैद्यांकडे नेला असतां त्यांनीं त्याच्या दोन बोटांमधून गवताचें एक कुसळ काढलें. भोंवतीं पू झाला होता. ज्यास आम्ही खोड म्हणत होतों, ती त्या मुक्या जिवाची तक्रार होती. त्या प्रसंगानें आम्ही जें शिकलों, तें येथें देत आहों.

बाहेरून आल्यावर कुत्रा थोडा वेळ पंजे चाटतो, तें स्वच्छतेसाठीं. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु खेळ व झोंप सोडून तो चाटीतच राहिला, तर कारण शोधावें. चाटणें एकाच पंज्यापुरतें आहे कीं अनेक पंज्यांचें, हें प्रथम पाहावें.

एकच पंजा चाटीत असल्यास बहुधा तेथें इजा असते : कांटा, कांच, दुभंगलेलें नख, किंवा तापलेल्या डांबरी सडकेनें भाजलेली गादी. कुसळ तर फारच कपटी. त्यावरील सूक्ष्म कांटे एकाच दिशेस वळलेले असल्यामुळें चालतांना तें आंत आंत सरकतें, मागें फिरत नाहीं.

अनेक पंजे चाटीत असल्यास पिसवा, गोचिडी अथवा अॅलर्जी यांचा संशय घ्यावा. घरांतील धुळीचे सूक्ष्म किडे, फुलांचे परागकण व कधीं कधीं अन्नही अॅलर्जीस कारण होतें. ही व्याधि बहुधा ६ महिने ते ३ वर्षे या वयांत प्रथम दिसूं लागते. अशा कुत्र्याचे कान व पोटही खाजतें. चाटण्यानें बोटांमधील कातडी ओली राहते, ओलाव्यांत बुरशी व जंतु वाढतात, त्यांनीं खाज वाढते, आणि खाजेनें चाटणें वाढतें. लाळेंत पॉर्फिरीन नांवाचीं रंगद्रव्यें असल्यामुळें फिकट रंगाच्या कुत्र्याचे केंस तेथें तांबूस होतात. ही खूण विसरूं नये. याखेरीज दिवसभर एकटा बांधून ठेविलेला कुत्रा कंटाळ्यानेंही पाय चाटतो. पण इतर कारणें नाहींत अशी खात्री झाल्यावरच असें म्हणावें.

उपाय सोपे आहेत. फिरून आल्यावर पंजे कोमट पाण्यानें धुवावे, बोटांमधील जागा कोरडी पुसावी व उजेडांत नीट पाहावी. भर उन्हांत सडकेवर नेऊं नये. आपल्या हाताची मागील बाजू ७ सेकंद सडकेवर ठेववत नसेल, तर त्याचेही पाय भाजतील. फिनेल, रॉकेल किंवा माणसांचें मलम लावूं नये. जें पंज्यास लावावें, तें चाटून त्याच्या पोटांत जातें. सूज, रक्त, पू, दुर्गंधि किंवा लंगडणें दिसल्यास पशुवैद्यांस दाखवावें. जखम भरेपर्यंत ते गळ्यांत नरसाळ्यासारखी पट्टी घालावयास सांगतात. दुखरा पाय पाहतांना मात्र सावध असावें. कुत्रा चावल्यास जखम साबण व पाण्यानें १५ मिनिटें धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

मोत्या आतां बरा आहे. आम्हीं त्यास दटाविलें होतें, तरी कुसळ निघतांच त्यानें आमचेच हात चाटले. वाचकहो, ज्यास वाचा नाहीं त्याची जीभ अडविण्यापूर्वीं ती काय सांगत आहे, हें आधीं पाहावें.