ए की बी? न्यू जर्सीत नव्याने आलेल्यांसाठी मारहाणीच्या कायद्याची तोंडओळख

एडिसन, आयसेलिन, पार्सिपनी या भागांत वीस-पंचवीस वर्षं संसार केलेल्या आम्हा काही कुटुंबांकडे नवी मंडळी भाड्याच्या घराची, शाळेची, गाडीच्या परवान्याची चौकशी करतात. मारहाणीच्या कायद्याबद्दल कुणी विचारत नाही. तो प्रश्न येतो तेव्हा थेट पोलीस ठाण्यातून फोन येतो. म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

‘एनसी झाली, दोघांना समज दिली, मिटलं’ हे आपण गावाकडे पाहिलेलं असतं. इथे मिटवणं आपल्या हातात राहत नाही. खटला राज्य चालवतं. ‘माझी काही तक्रार नाही’ असं मार खाल्लेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, तरी सरकारी वकील खटला पुढे नेऊ शकतो.

कागदावरचं अक्षर

तक्रारीच्या कागदावर २सी:१२-१ हे कलम दिसेल. त्यापुढचं अक्षर नीट वाचा. ए म्हणजे सिंपल असॉल्ट, साधी मारहाण. बी म्हणजे ॲग्रव्हेटेड असॉल्ट, गंभीर मारहाण.

ए बहुधा गावच्या म्युनिसिपल कोर्टात चालतं. जास्तीत जास्त सहा महिने कैद आणि १,००० डॉलर दंड. दोघेही आपखुशीने भिडले असतील, तर कैदेची मर्यादा ३० दिवसांवर येते. बी मात्र काउंटीच्या सरकारी वकिलाकडे आणि सुपीरियर कोर्टात जातं. चौथ्या श्रेणीला १८ महिन्यांपर्यंत, तिसऱ्या श्रेणीला ३ ते ५ वर्षं, दुसऱ्या श्रेणीला ५ ते १० वर्षं कैद होऊ शकते.

साधी मारहाण किती साधी?

रक्त आलं नाही, वळ उठला नाही, म्हणजे गुन्हा नाही, ही समजूत सोडून द्या. इथल्या कायद्यात इजा म्हणजे शारीरिक वेदना, आजार किंवा शरीराला आलेली कुठलीही बाधा. कानाखाली मारल्यावर गाल चुरचुरला, एवढंही पुरतं. ओक ट्री रोडवर पार्किंगच्या जागेवरून बाचाबाची झाली, एकाने दुसऱ्याला ढकललं, तो कठड्यावर आपटून खांदा चोळत उठला, तर ए लागू शकतं. मारायचा प्रयत्न फसला तरी लागतं. अंगाला हातही न लावता, आता आपल्याला जबर इजा होणार अशी धास्ती समोरच्याला बसेल असं अंगावर धावून जाणंही त्यातच येतं.

ए चं बी कशाने होतं?

तीन गोष्टी पाहिल्या जातात.

पहिली, इजा किती. हात काही काळ निकामी झाला किंवा एका कानाने तात्पुरतं ऐकू येईनासं झालं, तर ती तिसरी श्रेणी. जीव धोक्यात आला, चेहरा कायमचा विद्रूप झाला किंवा अवयव दीर्घकाळ निकामी झाला, तर दुसरी. दुसऱ्या श्रेणीसाठी तशी इजा करण्याचा प्रयत्नही पुरेसा असतो.

दुसरी, हातात काय होतं. पिस्तूल आणि चाकूच हत्यार, असं नाही. वस्तू कशी वापरली यावर ते ठरतं. पोळपाटावर लाटणं हे लाटणंच असतं. तेच कुणाच्या डोक्यात घातलं, तर कायद्याच्या नजरेत ते प्राणघातक हत्यार ठरू शकतं.

तिसरी, समोर कोण होतं. कामावर असलेला पोलीस, अग्निशमन दलाचा जवान, रुग्णवाहिकेतला कर्मचारी, शिक्षक, स्कूल बसचा चालक, रुग्णालयातली नर्स यांच्यावर हात टाकला, तर एरवी ए मध्ये बसणारी कृती बी मध्ये जाते. पोलीस धरायला आला की हात झटकू नका, असं आम्ही कळकळीने सांगतो ते यासाठीच.

घराच्या आत

नवरा-बायकोचं भांडण इथे घरातलं राहत नाही. बोलावल्यावर आलेल्या पोलिसांना अंगावर माराच्या खुणा दिसल्या आणि घरगुती हिंसा झाल्याचं मानायला आधार असला, तर अटक करावीच लागते. समज देऊन परत जायची मुभा कायदा देत नाही. न्यायाधीशाने तात्पुरता मनाई हुकूम काढला, तर स्वतःच्याच घरात पाऊल टाकता येत नाही. जोडीदाराचा गळा आवळणं हा आता दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे.

व्हिसावर असाल तर

बी चं ए करून देतो, गुन्हा कबूल करा, असा प्रस्ताव सरकारी वकिलाकडून येऊ शकतो. सुटल्याच्या आनंदात सही करू नका. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा, त्याचे निकष वेगळे. हिंसेच्या गुन्ह्यात एक वर्ष किंवा अधिक शिक्षा झाली, तर ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. घरगुती हिंसेच्या गुन्ह्याला तर ही वर्षाची अटही नाही, त्यामुळे जोडीदाराविरुद्धचं ‘साधं’ कलमही अंगाशी येऊ शकतं. २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर वकिलाने अशिलाला तो सांगितलाच पाहिजे. म्हणून पहिल्याच भेटीत वकिलाला व्हिसाचा प्रकार सांगा.

अटक झाली तर

नाव-पत्ता सांगा आणि ‘मला वकील हवा’ म्हणा. बाजू समजावून सांगत बसू नका. चांगल्या हेतूने बोललेलं वाक्यही पुढे पुरावा होतं. ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मागता येतो, कोर्टात दुभाषा मोफत मिळतो. न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असं सांगण्याचाही हक्क तुम्हाला आहे.

जिला मार बसतो तिच्यासाठी

हा कायदा सर्वांत आधी तुझा आहे. नवऱ्याच्या व्हिसावर आलीस म्हणून तो तुला कमी लागू होत नाही. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ‘मानवी’ ही संस्था न्यू जर्सीत १९८५ पासून काम करते आहे. गुन्ह्याला बळी पडून तपासाला मदत करणाऱ्यांसाठी यू व्हिसाची तरतूद आहे. ‘लोक काय म्हणतील’ याचं ओझं मनावर घेऊ नकोस. त्या लोकांत आम्हीही आहोत, आणि आम्ही तुझ्या बाजूचे आहोत. आमचं दार रात्री-अपरात्रीही वाजव. पण त्याआधी ९११ ला फोन कर.