बॉनेटवरचा पांढरा तारा
(लष्करी गाड्या, त्यांच्यावरच्या खुणा आणि आपण)

आपल्या गावाचं जन्मनाव काय, असं व्हायव्हात कुणी विचारलं तर आपल्यापैकी निम्मे जण छताकडे बघतील. उल्हासनगर हे नाव ८ ऑगस्ट १९४९ रोजी पडलं, तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते. त्याआधी ही जागा होती 'कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प'. दुसऱ्या महायुद्धात इथे सैनिकांसाठी दोन हजारांवर बराकी उभ्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं याच बराकींमध्ये राहायला आली आणि बराकीचा नंबर हाच घराचा पत्ता झाला. कॅम्प १ मध्ये आजही पोस्टमनला बराक नंबर सांगितला की पत्र पोचतं.

म्हणजे बघा, सैन्याची वस्तू तिच्या नंबरसकट सामान्य माणसाच्या हातात येणं हा प्रकार आपल्या गावाला नवा नाही. गावाचा पायाच त्यावर आहे. बराकीचा नंबर तसाच राहिला म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. पण हाच न्याय गाडीला लावता येईल का? हॉस्टेलवर दर वर्षी एखादा तरी ग्रुप 'आर्मी ऑक्शनची जिप्सी घेऊ, वर्गणी काढू' असे बेत करतो, म्हणून हा विषय जरा अभ्यासपूर्वक मांडतो आहे.

जीप आली कुठून?

युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सुमारे ६,४०,००० जीपगाड्या बनवल्या. डिझाईन एकच, विलीजची ती 'एमबी' आणि फोर्डची ती 'जीपीडब्ल्यू'. युद्ध संपलं आणि जगभर पडलेला हा माल लिलावात निघाला. भारतातही शेतकरी, ठेकेदार, शिकारी, सिनेमावाले अशा सगळ्यांनी तो घेतला. १९४५ साली लुधियानात सुरू झालेल्या 'महिंद्र अँड महंमद' कंपनीने (१९४८ पासून 'महिंद्र अँड महिंद्र') मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली आणि जीप आपल्याकडे घरचीच झाली.

मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं गणित. विलीजचं इंजिन २.२ लिटर, चार सिलिंडर, ६० अश्वशक्ती. पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.६६५, ट्रान्सफर केसचं लो गुणोत्तर १.९७ आणि अॅक्सलचं ४.८८. तिन्हींचा गुणाकार करा: साधारण २५.६. आता ६.००-१६ च्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास धरा. इंजिन १००० फेऱ्यांवर फिरत असेल तर चाक मिनिटाला ३९ फेऱ्या घेतं. म्हणजे वेग ताशी सव्वापाच किलोमीटर, नेमका चालणाऱ्या माणसाचा. पायदळाबरोबर, चिखलातून, क्लच न जाळता चालता यावं म्हणून ही रचना. गाडीचा एकेक आकडा ती कोणत्या कामासाठी जन्मली ते सांगतो. तिच्यावर रंगवलेल्या खुणांचंही तसंच आहे.

आपल्या देशातला दुसरा प्रसिद्ध नग म्हणजे जोंगा. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या नावाची आद्याक्षरं घेऊन हे नाव झालं. गाडी मुळात निसान पेट्रोल, म्हणजे 'पी ६०', जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन. जबलपूरच्या वाहन कारखान्यात तिचं उत्पादन १९९९ पर्यंत झालं आणि मग जुन्या गाड्या हळूहळू नागरिकांकडे आल्या. २०१९ साली महेंद्रसिंग धोनीने रांचीत जोंगा घेतली तेव्हा ती पुन्हा चर्चेत आली. पेट्रोल किती पिते हे विचारू नका, आपल्या मेसचं महिन्याचं बिल आठवेल. आपल्या शेजारचा धागाही सांगून ठेवतो. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा जबलपूरचा हा कारखाना आणि अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाईप फॅक्टरी एकाच कंपनीत गेल्या.

खुणा वाचायच्या कशा?

विलीजच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंना 'यू.एस.ए.' आणि खाली २० ने सुरू होणारा लांबलचक नंबर असतो. (आपल्या गावात 'मेड इन यू.एस.ए.' चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावतात, तो विनोद इथे आवरता घेऊ.) बॉनेटवरचा पाच टोकांचा पांढरा तारा मित्रराष्ट्रांच्या विमानांना वरून आपली गाडी ओळखता यावी म्हणून होता. बंपरवरची अक्षरं म्हणजे कोणतं सैन्य, कोणती तुकडी, तुकडीतली कितवी गाडी. चाकावरच्या पत्र्यावर टायरचं प्रेशर. ब्रिटिश आणि भारतीय गाड्यांवर पिवळ्या गोलात काळा आकडा दिसतो, तो पुलासाठी: या वजनाची गाडी कोणत्या पुलावरून न्यायची हे पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जवानाला लांबूनच कळावं.

भारतीय सैन्याच्या नंबर प्लेटवर सुरुवातीला वर टोक केलेला बाण असतो. त्यापुढचे दोन आकडे गाडी सैन्यात कोणत्या वर्षी आली ते सांगतात, मग गाडीच्या प्रकाराचं अक्षर, क्रमांक आणि शेवटी आणखी एक अक्षर. हा नंबर आपल्या कल्याण आरटीओच्या 'एमएच ०५' सारखा राज्याचा नसतो, तो संरक्षण खात्याचा असतो.

याशिवाय डिव्हिजनची चिन्हं. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, पाचव्याचा लाल गोळा, सतराव्याचं काळं मांजर. महायुद्धात आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश इथे ही चिन्हं गाजली.

इथेच खरी गोम आहे. अमेरिकन तारा आज भारतातल्या रस्त्यावर कुणालाही कोणताही अधिकार देत नाही. तो इतिहासजमा आहे. पण लाल गरुड आणि काळं मांजर इतिहासजमा नाहीत. ती चिन्हं आजच्या भारतीय सैन्यातही चालू आहेत. बाणाचंही तेच. म्हणजे परदेशी जीपच्या खुणा मेलेल्या, तर आपल्याच सैन्याच्या गाडीवरच्या खुणा जिवंत. शौकीन माणसाला दोन्ही 'ओरिजिनल'च वाटतात, पण चेकपोस्टवरच्या शिपायाच्या लेखी त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ६० संरक्षण खात्याच्या गाड्यांना वेगळी नोंदणी देतं, पण ती गाडी केंद्र सरकारच्या मालकीची किंवा ताब्यात असेपर्यंतच. मालकी सुटली की तुमच्या-आमच्या गाडीला लागू असलेली कलमं ३९ आणि ४० तिलाही लागू. म्हणजे आरटीओत नवी नोंदणी, नवी प्लेट. लिलावात गाडी सुटली त्या क्षणी बाणाचा नंबर संपला. तो नंबर प्लेटवर ठेवून रस्त्यावर उतरणं म्हणजे बिननोंदणीची गाडी चालवणं.

दुसरा नियम रंगाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय इतर गाड्यांना वापरायचा नाही. खूप जणांना हे ठाऊकच नसतं. गाडीचा मूळ रंग हाच नेमका मनाई असलेला रंग!

तिसरी गोष्ट गणवेशाची. सैनिक नसताना सैनिक वाटावं या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा खूण वापरणं हा गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत तो कलम १४० मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो कलम १६८ मध्ये आहे. फेस्टला जीपवर फोटो काढताना कॉम्बॅट ड्रेस घालून कॉलेजबाहेर फेरी मारायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल, तर ती तिथेच सोडा.

हे सगळं जाचक वाटेल. पण १३ डिसेंबर २००१ आठवा. संसदेवर हल्ला करणारे पांढऱ्या अॅम्बॅसॅडरमधून आत शिरले, काचेवर गृह खात्याचं बनावट स्टिकर होतं. खुणेवर विश्वास ठेवून फाटक उघडतं. ज्या दिवशी कुणीही ती खूण लावू शकतो, त्या दिवशी फाटकावरच्या माणसाचं काम अशक्य होतं, आणि त्याची किंमत तोच आधी मोजतो.

मग इतिहास पुसायचा का?

शौकिनांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, खुणा पुसल्या तर उरलं काय? एक जुनी जीप. आणि ते खोटं नाही. कानपूरला युद्धानंतर टाकून दिलेली बी-२४ लिबरेटर विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. त्यातलं एक पुढे अमेरिकेत गेलं, नव्याने उडतं केलं गेलं आणि वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या अमेरिकन विमानांच्या रंगात रंगवलं गेलं. बघणाऱ्याला भारताचा संबंध अंगावर कुठेच दिसायचा नाही. खुणा बदलल्या की गाडीचं, विमानाचं चरित्रच बदलतं.

म्हणून मला वाटतं, खुणा 'ठेवणं' आणि खुणा 'मिरवणं' यांत फरक करावा. ठेवायचं असं:

एक, रंग खरवडण्याआधी थांबा. जुन्या गाडीवर रंगाचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे असतात. बारीक पॉलिश पेपर पाणी लावून हळू फिरवला की खालचे आकडे वर येतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, तोंडाला मास्क लावा.

दोन, जे दिसेल त्याचा शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि ट्रेसिंग पेपरवर एकास एक मापात उतरवून घ्या. इंजिनिअरिंग ड्रॉईंगचा उपयोग आयुष्यात एकदा तरी होऊ द्या.

तीन, डॅशबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या, चासी नंबर, आतल्या बाजूची स्टेन्सिल अक्षरं तशीच राहू द्या. त्यांनी रस्त्यावर कुणाची फसगत होत नाही.

चार, बाण, डिव्हिजनचं चिन्ह, ऑलिव्ह ग्रीन हे बाहेरून काढा. गाडी वेगळ्या रंगात रंगवा आणि नव्या रंगाची नोंद आरसी बुकात करून घ्या.

पांढरा तारा आणि युद्धकाळचा अमेरिकन नंबर यांची गोष्ट थोडी वेगळी, पण तिथेही आरटीओची प्लेट ठळक हवी आणि जुना नंबर प्लेटसारखा दिसता कामा नये.

५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' नोंदणी आणली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांना रस्त्यावर आणायची. रोज स्टेशनला जायला नाही. पेट्रोल परवडत नाही म्हणून डिझेल इंजिन बसवलेल्या जीपचं घोडं इथेच अडतं.

घेण्याआधी तीन प्रश्न

पहिला: विक्री चालू गाडी म्हणून आहे की भंगार म्हणून? १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही, त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात जातात. देशाच्या संरक्षणासाठी प्रत्यक्ष कामात असलेल्या चिलखती आणि विशेष गाड्या तेवढ्या वगळल्या आहेत. भंगार म्हणून घेतलेल्या गाडीला रस्ता नसतो.

दुसरा: लिलावाची मूळ कागदपत्रं कुठे आहेत? गाडी बहुधा आधी एखादा व्यापारी ढिगाने घेतो, मग ती दोन-तीन हात फिरते. प्रत्येक हाताचा कागद हवा. मधली एक कडी तुटली तरी आरटीओत हेलपाटे ठरलेले.

तिसरा: इंजिन आणि चासी नंबर कागदाशी जुळतात का? स्वतः टॉर्च घेऊन बघा. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

खुणांसकट गाडी बघायचीच असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. तिथे रोल्स रॉईसच्या चिलखती गाडीपासून रणगाड्यांपर्यंत सगळं जवळून पाहता येतं. पुढच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला सरांनी मनावर घेतलं तर लोणावळ्याऐवजी तिकडे जाऊ. येताना वही भरलेली असेल आणि लिलावाच्या जाहिरातीकडे बघायची नजरही बदललेली असेल. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ती कागदावर चोख बसली तर वर्षानुवर्षं चालते, नाहीतर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहून गंजते.